कूलरवाल्यांकडची बोट

बोट आली तेव्हा मी वर्कशॉपच्या दारात बसून फायबरची मॅट कापत होते. वर्ध्याजवळ देवळी रोडवर आमचं कूलरचं वर्कशॉप आहे. फायबरच्या टाक्या, कूलरचे ढाचे, कधी एखाद्या शाळेची घसरगुंडी, असली कामं. ट्रक थांबला, त्याच्यामागे हायड्रा क्रेन थांबली, आणि ट्रकच्या केबिनमधून माझा मोठा भाऊ नवरदेवासारखा उतरला. ताडपत्रीखाली जे काही होतं ते आमच्या गेटाच्या बाहेर येत होतं. मी कात्री हातात घेऊनच उठले.

“हे काय आणलं दादा?”

“बोट आहे. शिडाची.”

“अन् समुद्र? थो मागून येऊन राह्यला का?”

हायड्रावाला खो खो हसला. दादा हसला नाही. तो ट्रकच्या कडेनं एक हात फळीवर ठेवून चालत होता, फळी संपली तरी त्याचा हात तसाच पुढे गेला आणि हवेत राहिला. मी कात्री खाली ठेवली.

आमचं घर शेतकऱ्याचं. कपाशी, तूर, विहिरीजवळ थोडी वांगी-टमाटर. तळ्यात पाय बुडवले तरी आई पाठीत धपाटा घालायची. अशा घरातला हा पोरगा नेव्हीत गेला आणि उमेदीची सगळी वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. ती खोली पाण्याच्या पातळीखाली, तिथून समुद्र दिसतच नाही. रविवारी बंदरात लहान शिडाच्या बोटी चालवायला मिळायच्या, तेवढाच काय तो समुद्र त्यानं पाहिला. वहिनी गेल्यावर तो आमच्याकडे आला, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहू लागला. नंतर काचबिंदू निघाला. कळला तेव्हा उशीर झालेला होता. बाजूबाजूनं नजर जाते, मधलं तेवढं उरतं, पाइपातून पाहिल्यासारखं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकवायची.

थेंब मीच घालत असे. त्या संध्याकाळी तो मान मागे टाकून बसला होता, तेव्हा मी विचारलं, “कायले आणली ही धोंड?”

“कुठल्याशा क्लबानं भंगारात काढली होती. मले एकदा चालवाची आहे. आपली स्वतःची. एकट्यानं.” डोळे मिटूनच तो म्हणाला, “दिसते तोवर.”

मला राग आला आणि रडूही आलं. माझं असंच होतं, दोन्ही एकदमच येतात, आणि तोंडातून नेहमी राग आधी बाहेर पडतो. “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,” म्हणून मी बाटलीचं झाकण लावलं. पण सकाळी उठून मीच बोटीवरची ताडपत्री ओढून काढली.

हिवाळ्यात कूलर कोण घेतं? वर्कशॉप रिकामंच होतं. माझ्या नवऱ्याचा स्वभाव गरीब. दादानं बोट आणली म्हटल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “होळीच्या आधी पाण्यात टाकाची का? होऊन जाईन.” जणू बोटी दुरुस्त करणं हा आमचा पिढीजात धंदा होता.

बोटीचं अंग म्हणजे देवी येऊन गेलेल्या माणसाचं तोंड. जागोजाग फोड आलेले, फोड फोडला की आतून आंबूस वासाचं पाणी यायचं. जुन्या रंगाचे थरावर थर. आम्ही ग्राइंडर लावला, पॉलिश पेपरनं घासलं, पोकळ जागा खरवडून नवी मॅट आणि रेझिन भरलं. फायबरची भुकटी अंगात शिरली की खाज काय असते ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच माहीत. खोबरेल तेल चोपडून झोपायचं आणि सकाळी कणीक मळताना पुन्हा मनगटं खाजवायची. दादा बोटीला टिचक्या मारत फिरायचा. जिथं आवाज बद्द यायचा तिथं खडूनं गोल काढायचा. काही गोल अर्धे बोटीवर असायचे, अर्धे हवेत. आम्ही दोघंही ते पाहायचो आणि एकमेकांकडे पाहायचं टाळायचो.

बोटीच्या पोटाखाली लोखंडाचं एक जड पातं असतं. वारा शिडाला ढकलतो तेव्हा बोट आडवी होऊ नये म्हणून हे पातं तिला खालून धरून ठेवतं. दादा त्याला कील म्हणायचा. माझ्या नवऱ्यानं पाहताक्षणी म्हटलं, “अरे, हा तं नांगराचा फाळ!” आणि मग आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी फाळच बसलं. हा फाळ बोटीच्या तळाला बोल्टांनी आवळलेला असतो. दादानं पहिल्याच आठवड्यात बजावलं, “फाळाचा सांधा मी पाहीन. तिथं कोनी हात लावाचा नाई.” तो तासन्‌तास जमिनीवर आडवा पडून तिथं खुडबुडत असे. आम्ही म्हटलं, बरं आहे, माणूस कामात आहे.

संक्रांत झाली आणि मी त्याला घेऊन नागपूरला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले. तिथं एक तपासणी असते. यंत्रात तोंड घालून बसायचं, आत इकडेतिकडे बारीक दिवे चमकतात, दिसला की हातातलं बटन दाबायचं. मी बाहेर बाकावर बसले होते, मला बटनाचा टक टक आवाज येत होता. मग बराच वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं असेल. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “झालं वाटते तुमच्या पेशंटचं.” झालं नव्हतं. आत दिवे चालूच होते.

डॉक्टर चांगले होते, लपवलं नाही. नजरेचं रान आणखी आखडलं म्हणाले. किती दिवस राहील ते त्यांनाही सांगता येईना. परत येताना बस केळझरवरून आली. दादा लहानपणापासून त्या वळणावर खिडकीतून गणपतीच्या टेकडीला हात जोडतो. त्या दिवशी जोडले नाहीत. सेलू आल्यावर मला विचारतो, “केळझर गेलं का?” मी म्हटलं, “आताच गेलं.” केळझर केव्हाच मागे पडलं होतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

आता आमच्या धंद्यातला एक नियम सांगते. भरल्याशिवाय माल बाहेर जात नाही. टाकी असो, कूलर असो, तोंडोतोंड पाणी भरायचं, उभं ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी खालून हात फिरवायचा. हात कोरडा निघाला की माल पास. माझ्या सासऱ्यांनी हा नियम घातला, आणि माझ्या नवऱ्यानं तो देवाच्या आरतीसारखा पाळला.

आम्ही वर्कशॉपच्या फाटकाशी उतरलो तर पाइपाचा आवाज येत होता. दादा जागीच थांबला. ज्यांची नजर जाते त्यांचे कान फार लवकर तयार होतात.

“पाणी कुठी सुरू आहे?”

तेवढ्यात आतून माझ्या नवऱ्याचा आनंदी आवाज आला, “दादा, या या! भरली पुरी! थेंब नाई गळला अजून!”

बोट काठोकाठ भरली होती. फाळ जमिनीवरच्या लाकडावर, दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू, आणि आत पाणीच पाणी. पाइप अजून सोडलेला. माझा नवरा गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून बोटीच्या पोटाखाली हात फिरवत होता. गळती आहे का ते पाहत होता बिचारा. दादाला नागपूरहून आल्यावर चांगली बातमी द्यावी म्हणून दिवसभर राबला होता.

“बाहेर निघा!” दादा असा ओरडला की मी दचकले. जन्मात त्यानं माझ्या नवऱ्याला चढा आवाज केला नव्हता. “जवाईबापू, आधी बाहेर निघा तिथून!”

“काऊन? काय झालं?”

“अहो बोट आहे थे, टाकी नाई! तिले पाणी बाहेरून पेलाची सवय आहे, आतून नाई! निघा!”

माझा नवरा वळून त्याच्याकडे पाहतच राहिला. मी पुढं होऊन त्याची कॉलर धरली आणि ओढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याला कॉलर धरून ओढायची वेळ पहिल्यांदाच आली. तो पाठीवर पडला, आणि वरून कर्र असा आवाज आला. डावीकडचा टेकू बोटीच्या अंगात घुसला. बोट हळूच कलली, सवाष्ण बाई ओटी सावरत बसते तशी, आणि उन्हाळ्यासाठी करून ठेवलेल्या कूलरांच्या रांगेवर जाऊन टेकली. कूलर पापडासारखे मोडले. जिथं क्षणापूर्वी माझ्या नवऱ्याचं डोकं होतं तिथं बोटीचं पोट होतं. फाळाच्या सांध्यातून पाण्याची धार सुटली आणि ती धार लाल होती, गंजाची.

माझा नवरा चिखलात बसून एकच म्हणत होता, “मी तं भरून पाह्यली फक्त. भरूनच पाह्यली.”

दादा चाचपडत त्याच्याजवळ गेला, त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला, कुठं लागलं तर नाही ना पाहिलं. मग आपल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

बोट रिकामी करून, हायड्रानं सरळ करून, आम्ही सांधा उघडला. बोल्ट निघाले ते चघळून टाकलेल्या उसासारखे, मधोमध बारीक, काही तर दोन तुकड्यांत. माझा नवरा म्हणाला, “बरं झालं फुटली. नाई तं पाण्यात सुटला असता फाळ.” मी मात्र सांध्यातली पुट्टी पाहत होते. ती ताजी होती. पांढरीशुभ्र, नखानं खरवडता येईल अशी. आणि तिच्याखाली गंज होता, न घासलेला, ओला. मॅट कापण्यात आणि पुट्टी भरण्यात माझं आयुष्य गेलं. गंजावर पुट्टी कोण भरतं? घाईत असलेला माणूस भरतो, नाही तर लपवणारा.

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मी बोल्टाचा तुकडा घेऊन दादाच्या खोलीत गेले आणि त्याच्या हातात ठेवला.

“ह्या सांध्यात पुट्टी कोनं भरली?”

“मी.”

“आत गंज दिसला होता?”

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

“दिसला होता का नाई, दादा?”

“दिसाले काय, हाताले लागला होता. एक बोल्ट फिरवून पाह्यला तं डोकं हातात आलं.”

“अन् तू वरून पुट्टी भरली!”

“मंग काय करू?” तोही उसळला. “फाळ काढाले बसलो असतो तं उन्हाळा लागला असता. उन्हाळ्यात तुमचा सीझन. म्हंजे दिवाळी. तोवर माह्यं काय राहीन? हलक्या वाऱ्यात काठाकाठानं फिरलो असतो. तेवढं झेपलं असतं थ्या बोल्टाले.”

“अन् नसतं झेपलं तं?”

“मले पोहता येते.”

“अन् मले येते का? काठावर उभी राहून काय करू मी, पदर पसरू? ज्याच्यावर इतका विश्वास ठेवला त्यानं ताकाले जाऊन भांडं लपवलं! माह्या नवऱ्याचं डोस्कं फुटलं असतं आज!”

हे बोलायला नको होतं, कारण पाणी तर माझ्या नवऱ्यानंच भरलं होतं. पण बोलले. दादाचा चेहरा पडला. त्या बोल्टाच्या तुकड्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला, “मले मराचं नाई वं बाई. मले फक्त जायचं होतं एकदा.”

मी वर्कशॉपमध्ये आले आणि नवऱ्याला सांगितलं, फाळ पुरता काढा, नवे बोल्ट करा, तळ आतून नव्यानं बांधा. त्याशिवाय ही बोट इथून हलायची नाही. दादाला विचारू नका, मलाही पुन्हा विचारू नका. डोळे की जीव, असं माझ्यासमोर होतं, आणि मी जीव घेतला. ज्याचे डोळे होते त्याला विचारलंसुद्धा नाही. आजही त्या जागी उभी केली तर हेच करीन. पण मला झोप लागत नव्हती, हेही खरं.

त्यानंतर दादा थेंब घालायला माझ्याकडे येईना. माझ्या नवऱ्यासमोर मान मागे टाकून बसायचा. मी चहा नेऊन ठेवायचे, तो प्यायचा, कप ठेवायचा. आमच्यात बोलणं असं नाहीच. एकदा तर त्यानं ट्रकवाल्याला फोन करून विचारलं, बोट नागपूरला कामठी रोडवर कोणाकडे नेऊन दुरुस्त होईल का. माझ्या नवऱ्यानं तो फोन ऐकला, आणि तो गरीब माणूस पहिल्यांदा ताठ उभा राहिला. “माह्या हातानं फुटली दादा. माह्याच हातानं जुडंन. नेली तं मी तुमच्या दारात पाय नाई ठेवणार.” दादा म्हणाला, “दार तुमचंच आहे जवाईबापू.” आणि दोघंही हसले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, माझ्यापर्यंत फक्त हसणं आलं.

फाल्गुन लागला आणि कूलरचा सीझन अंगावर आला. दिवसभर गिऱ्हाईक, फोन, टेम्पो. बोटीचं काम पहाटे. साखळी-पुलीनं बोट उचलून फाळ खाली मोकळा केला. घासूनघासून लोखंड उजळलं. वर्ध्याच्या लेथवाल्यानं न गंजणाऱ्या सळीचे नवे बोल्ट करून दिले. तळात आतून मॅटचे थर चढवायचे होते, पण उन्हाळ्यात रेझिन म्हणजे तापट जावई, कधी भडकेल सांगता येत नाही. ते घट्ट करणारं हार्डनर जरा जास्त पडलं की मगातच धूर, मग मगासकट फेका. हार्डनर मी मोजायचे. एका सकाळी मगातून धूर निघाला तेव्हा मी मग भिंतीवर आपटला आणि तिथंच बसून रडले. प्रत्येक वाया गेलेली सकाळ दादाच्या डोळ्यांतून वजा होत होती, आणि त्याचा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता.

फाळावर चढवलेला रेझिनचा नवा लेप दादानं घासला. डोळे मिटून, दोन्ही तळहात लावून, वरून खाली. बैलाला खरारा करतात तसं. मी त्याच्याकडे चोरून पाहायचे. सुरुवातीला तो पॉलिश पेपर खाली ठेवून बरोबर उचलायचा. पुढं पुढं चाचपायला लागला. मग खिशातच ठेवू लागला. मी मृगाच्या सुमारास एकदा न राहवून विचारलं, “दिसते ना दादा?” कित्येक महिन्यांनंतरचं ते माझं पहिलं बोलणं.

“दिसते,” तो म्हणाला. “मधातलं दिसते बरोबर.”

त्या दिवसापासून थेंब घालायला तो परत माझ्याकडे आला. मला एवढं बरं वाटलं की मी पुढं काही विचारलंच नाही.

दसरा झाल्यावर बोट धरणावर नेली. धरण भरलेलं, सांडव्यावरून पाणी पडत होतं. मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं परवानगी काढून दिली आणि पुन्हा पुन्हा बजावलं, “पलीकडं सांडव्याच्या अंगाले जायचं नाई. ओढ आहे तिथं. आमचे लोकं बी जात नाई.” मदतीला म्हणून थर्माकोलच्या तराफ्यावर दोन मासेमार ठेवले. शिडाच्या बोटीमागे तराफा पळणार तो किती, ते त्यालाही कळत होतं आणि मलाही.

ठरलं होतं ते असं: माझा नवरा बोटीत बसेल, दादाला किनारा सांगेल. एकट्यानं वगैरे काही नाही. दोघांना मी स्वतःच्या हातानं लाइफ जॅकेट बांधले, बंद ओढून पाहिले. हायड्रानं बोट पट्ट्यांवर उचलून पाण्यात सोडली. माझा नवरा आत चढून फाळाच्या बोल्टांवर हात फिरवून आला. हात कोरडा निघाला. त्यानं तो हात मला दुरून दाखवला.

दादा मागं सुकाणूजवळ बसला होता. शांत. “जवाईबापू,” तो म्हणाला, “पुढचा दोर दगडाले अडकला वाटते. जरा उतरून सोडा.”

माझा नवरा उतरला. कमरेएवढ्या पाण्यात चालत गेला, दोर सोडला. वळून पाहतो तर शीड भरलेलं आणि बोट त्याच्या हातापासून हातभर दूर. मग दोन हात. मग बोट निघालीच.

“दादा! अबे दादा!” माझा नवरा पाण्यात तसाच हात पसरून उभा.

दादानं मागं पाहिलंही नाही.

आणि मग मी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. “दादा, माघारी ये! लबाड कुठला! सख्ख्या बहिणीले फसवतं! ये तं खरा घरी, भाकर देतो का पाहाय तुले!” हायड्रावाला, मासेमार, अध्यक्ष, सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पाहू देत. लहानपणापासूनचं सगळं काढलं मी. शाळेत माझी पाटी फोडली ते, बोरं तोडायला मला झाडावर चढवून पळून गेला ते, नेव्हीत जाताना मला न सांगता पहाटेच्या गाडीनं गेला ते. शेवटचं तर मी आयुष्यात कधी कोणाला बोलले नव्हते. ते धरणावर, चारचौघांत, ओरडून बोलले.

बोट मात्र सुंदर चालली होती. मधोमध गेल्यावर वाऱ्याचा झोत आला, शीड एवढं कललं की पाण्याला टेकतं की काय. माझा नवरा शेजारी ओल्या कपड्यांनी उभा, ओठांतल्या ओठांत “धर, धर, धर” म्हणत होता, त्या फाळाला. बोट क्षणभर तशीच आडवी राहिली आणि उठली. आपण होऊन, डौलात उठली. “धरलं!” माझ्या नवऱ्यानं माझा दंड एवढा दाबला की काळानिळा पडला.

दादानं बोट वळवली आणि आमच्याकडे तोंड केलं. सरळ येत होता. मी ओरडायची थांबले. वाटलं, जाऊ दे. माणसानं जे मागितलं होतं ते मिळालं त्याला. एकट्यानं, आणि दिसतंय तोवर. आपला अट्टहास फुकट नाही गेला. पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच नीट, मन भरून पाहत राहिले. काठावर सगळेच गप्प झाले होते.

तेव्हाच बोटीचं नाक हळूहळू उजवीकडे जायला लागलं. आधी वाटलं, वाऱ्याचं काही असेल. मग आणखी गेलं. अध्यक्ष पुढं धावला, “थो सांडव्याकडं काऊन चालला? ओ ताई, थे सांडव्याकडं चालले!” तराफ्यावरचे मासेमार हातांनी पाणी मारत सुटले, पण ते कुठं आणि बोट कुठं.

“दादा!” माझा आवाज फाटला. “दादा, इकडं! कुठी चालला? इकडं आहो आमी! दादा!”

मग मी थांबलेच नाही. काय बोलत होते मला माहीत नाही, फक्त इकडं, इकडं आणि दादा. शिडाची फडफड झाली, बोट थबकली, घोटाळली, आणि तिचं नाक परत आमच्याकडे वळलं. मी घसा बसेपर्यंत ओरडत राहिले. बोट दगडांना घासत काठाला लागली तेव्हा माझा नवरा आणि मासेमार पाण्यात धावले आणि तिला दोन्ही बाजूंनी धरलं.

मी साडीसकट गुडघाभर पाण्यात गेले. पाण्याची भीती त्या वेळी कुठं गेली कोण जाणे. त्याच्या दोन कानशिलात द्यायच्या म्हणून गेले होते. दादा सुकाणू धरून तसाच बसला होता. डोळे उघडे होते आणि माझ्या खांद्यावरून कुठंतरी भलतीकडे पाहत होते. मी अगदी समोर होते, हातभर अंतरावर. त्यानं हात पुढं केला, माझा चेहरा चाचपला, गाल ओले लागले तसा हात तिथंच ठेवला.

“मधात चूप काऊन झाली होती तू?” तो म्हणाला. “मले भेव लागलं ना वं.”